एसीचा भार आणि रात्रीची वीज

संपादक महोदय,

३० मे २०२४ रोजी देशातील विजेच्या कमाल मागणीने २५० गिगावॉटचा उच्चांक गाठला. दुपारी निदान सौरऊर्जा हाताशी असते. खरी ओढाताण सूर्यास्तानंतर सुरू होते, कारण नेमक्या त्याच वेळी दिवसभर तापलेल्या स्लॅबची उष्णता खोल्यांत उतरत असते, घरोघरी एसी चालू होतात आणि हा सारा भार मुख्यतः कोळशावरील केंद्रांना पेलावा लागतो.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या नियमानुसार जानेवारी २०२० पासून स्टार मानांकित एसी सुरू होताना २४ अंशांवर असतो. तापमान एका अंशाने वाढवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ब्यूरोचाच अंदाज आहे. तरीही अनेक घरांत तो लगेच १८ वर नेला जातो. त्याने खोली लवकर गार होते हा समज, निदान इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग गरजेनुसार बदलणारे तंत्र) नसलेल्या एसींबाबत, चुकीचा आहे. कॉम्प्रेसर तेवढ्याच क्षमतेने चालतो, फक्त थांबत नाही. २६ अंश आणि जोडीला पंखा पुरेसा ठरतो.

मात्र सगळा भार ग्राहकांच्या संयमावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. वरच्या मजल्यावरील कुटुंबाला तापलेल्या छताखाली दुसरा पर्याय नसतो. म्हणून महापालिकांनी नव्या इमारतींच्या गच्चीला ऊन परावर्तित करणारा पांढरा लेप सक्तीचा करावा आणि जुन्या सोसायट्यांना त्यासाठी मालमत्ता करात सवलत द्यावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

– एक वीजग्राहक, पुणे