जुन्या बंदुकीला पॉलिश पेपर लावू नका

संपादक साहेब, नमस्कार,

आमच्या घरी पणजोबांची मार्टिनी-हेन्री रायफल आहे, ब्रिटिश लष्करानं 1871 ला घेतलेली तीच, पण कुणीतरी पुढचं लाकूड कापून वर चंदेरी रंग मारलेला आणि खाली नुसता गंज. पोलीस ठाण्यात विचारूनच काम काढलं. पहिल्यांदा एका वर्कशॉपवाल्यानं बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, फिरवला आणि उजव्या बाजूचा मुकुटाचा ठसा, त्याखालचं व्हीआर (व्हिक्टोरिया राणीची अक्षरं) निम्मं पुसलंच की हो, लई वाईट वाटलं. मग बारीक स्टील वूल (पोलादी तारांचा घासायचा बोळा) आणि तेल घेऊन हळूहळू घासलं, सुटे भाग साध्या पाण्यात उकळले तर तांबडा गंज काळा पडला. अक्रोडाच्या दस्त्याला जवसाचं तेल चोळतोय. कोल्हापुरात घराघरात अशी हत्यारं असतील, मालकांनी घाई करू नये आणि न्यू पॅलेस म्युझियमसारख्या ठिकाणी हे काम लोकांना शिकवावं.

एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर