बंद लाईन आणि मेलेली लाईन

सडबरी, ऑन्टारियो (कॅनडा)
दि. 9 नोव्हेंबर

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मी खुशाल आहे. जन्मभर लाईनमन म्हणून काढल्यावर, ‘खांबावर चढायला शिकण्यासाठी एवढे पैसे भरून कॅनडाला कशाला जायचे?’ असे आपण फोनवर हसत विचारलेत. त्याचे उत्तर तेव्हा नीट देता आले नाही, म्हणून लिहितो.

येथील खांब बहुतेक लाकडी आहेत. बुटांना बांधलेली पोलादी नखे लाकडात रुतवत चढावे लागते आणि पाय घसरलाच तर कमरेचा पट्टा खांबाला आवळून धरतो. पहिले काही दिवस पोटऱ्या इतक्या दुखत की जिना उतरणे नको वाटे. आम्ही स्वतः उभा केलेला 40 फुटी खांब 6 फूट जमिनीत आहे. लांबीचा दहावा भाग आणि वर 2 फूट, असा येथला ठोकताळा. आपल्या डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, अख्खी वस्ती आणि विहिरींवरच्या मोटारी चालतात, तर येथे चार-सहा घरांना मिळून खांबावर एक लहानसा ट्रान्सफॉर्मर टांगलेला असतो, हे आपल्याला गमतीचे वाटेल.

मात्र सर्वांत जास्त वेळ जातो तो हातमोज्यांवर आणि अर्थिंगवर, म्हणजे बंद लाईनची तार जमिनीशी जोडण्यावर. प्रत्येक वेळी रबरी मोजा मनगटाकडून गुंडाळून आत हवा कोंडायची, बारीक छिद्रातून ती सुटते का ते कानाशी धरून ऐकायचे आणि मगच त्यावर चामड्याचा मोजा चढवायचा. सुरुवातीला मला हा पोरखेळ वाटला होता.

अर्थिंगचे कारण मात्र पहिल्याच दिवशी पटले. ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो. वादळात वीज गेल्यावर कोणी मेन स्विच न पाडता घरच्या वायरिंगला जनरेटर जोडला, तर त्याचे 240 व्होल्ट उलट्या वाटेने वर चढून लाईनवर 7,200 होतात, आणि सबस्टेशनातून बंद केलेली लाईन वर काम करणाऱ्याच्या हातात जिवंत होते. आपल्याकडे तर तेच 11,000 होतील. म्हणून येथे बंद लाईनला कोणी मेलेली म्हणत नाही. आधी टेस्टरने तपासायची, मग अर्थ करायची, तोवर ती जिवंतच धरायची. एवढे करूनही, खांबावर बेशुद्ध पडलेल्या माणसाऐवजी लटकवलेला जड पुतळा चार मिनिटांत खाली आणण्याचा सराव करावाच लागतो.

आता मुद्द्याचे. धाकटा कंत्राटावर लागल्यापासून लाईन बंद करून कामाचे परमिट मिळाल्याचा फोन आला की थेट डीपीवर चढतो, हे त्यानेच मला फुशारकीने सांगितले. गावात आता मंगल कार्यालयात जनरेटर आहे, गिरणीवर आहे, आणि कोणी कुठे काय जोडून ठेवले आहे ते वायरमनलाही ठाऊक नसते. पाण्याची पाळी चुकते म्हणून शेतकरी खाली उभे राहून घाई करतात, हे मी लहानपणी आपल्याबरोबर येऊन पाहिले आहे. तरीही लाईन अर्थ करणारा डिस्चार्ज रॉड लावल्याशिवाय त्याने तारेला हात लावू नये. माझे सांगणे त्याला शहाणपणा शिकवल्यासारखे वाटते. तेव्हा पहिले आठ दिवस आपणच डीपीखाली जाऊन उभे राहावे आणि रॉड लागेपर्यंत त्याला आपल्या खास शब्दांत खालूनच सुनवावे.

ती. आईस साष्टांग नमस्कार. धाकट्यास आशीर्वाद. त्याच्या हातमोज्यांचा नंबर कळवावा.

आपला आज्ञाधारक,
बाळू