चित्रे पारखून पुस्तक घ्यावे

नाताळ जवळ आला की मुंबईतल्या ख्रिस्ती घरांत मुलांसाठी बायबलकथांची चित्रपुस्तके घेतली जातात. चकचकीत मुखपृष्ठाला भुलण्याआधी पालकांनी आतली चार पाने बायबलशी ताडून पाहावीत. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 2 ऱ्या अध्यायात बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या ज्ञानी लोकांची संख्या दिलेलीच नाही आणि ते बाळाला भेटतात ते घरात. चित्रात मात्र गोठ्यात तिघे हमखास उभे! येशू गालील प्रांतात वाढलेला यहुदी, तरी तो सोनेरी केसांचा नि निळ्या डोळ्यांचा रंगवतात. हे मला फार खटकते, कारण लहान मुले चित्रच खरे धरतात. जलप्रलयासारखी भीतिदायक कथा तर आईवडिलांनी जवळ घेऊनच वाचावी. प्रकाशकांनी मराठीत बायबलशी जुळणारी नेटकी पुस्तके अधिक काढावीत, ही कळकळीची विनंती.

— एक पालक, माहीम, मुंबई