तीर्थनचा बेत

रत्नागिरी,
२२ जुलै

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

तुझा लांबलचक बेत वाचला. श्रीनगर, सोनमर्ग, तिथून विशनसर, किशनसर, गडसर ही तळी, मग खाली उतरून पहलगामला लिद्दर नदी, आणि जमलं तर परतताना हिमाचल. अरे, ट्राउट मासे धरायला चाललोय की चारधामला? नकाशावर बोट फिरवायला काय जातंय! विशनसर साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, आणि सोनमर्गहून तिथे जायचं तर चार हजारांच्या आसपासची निचनाई खिंड ओलांडावी लागते. तंबू, शिधा, घोडे, सगळा बाडबिस्तरा बरोबर. त्या तळ्यांत ट्राउट आहेत हे मान्य. पण तिकडची वाट धडपणे मोकळी असते ती जुलै ते सप्टेंबर, म्हणजे नेमकी माझी लावणी, बेणणी आणि वर गणपती. शिवाय तुझा गुडघा. भगवतीच्या देवळापर्यंत कसा बसत बसत चढला होतास ते मी पाहिलंय.

तेव्हा माझं ऐक. यंदा तळी राहू देत. एकच नदी धरू आणि तिच्याच काठाला मुक्काम टाकू. कुल्लू जिल्ह्यातली तीर्थन. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात ती उगम पावते (या उद्यानाला २०१४ साली युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला) आणि लारजीला बियासला मिळते. गुशैणीला राहायचं. तिथे फलाचन येऊन मिळते, म्हणजे एका मुक्कामात दोन पाणी. उद्यानात शिरायला परवानगी लागते आणि आत गळ टाकायचा नाही, पण बाहेरचा काठच आपल्याला पुरून उरेल. रोज नवी नदी बघत पळणाऱ्याला मासा मिळत नाही, हे काही तुला सांगायला नको. कुठल्या खडपाला कुठल्या पाण्यावर तांबोशी लागते हे कळायला आपली सगळी शाळा संपली होती.

वेळ ऑक्टोबरची. मे-जूनला बर्फ वितळून पाणी चढतं आणि गढूळ होतं, त्यानंतर पाऊस. सप्टेंबरअखेर पाऊस हटला की नदी उतरते आणि तळातला गोटान् गोटा दिसायला लागतो. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत तिकडे ट्राउटला बंदी, कारण ते त्यांचे अंडी घालायचे दिवस. आपली १ जून ते ३१ जुलैची बंदी तशीच तीही. आत्ता इथे मिरकरवाड्याला सगळ्या होड्या नांगरून पडल्यात आणि माणसं सुक्या बांगड्यावर दिवस काढतायत. दसऱ्याच्या आधी जाऊन आलेलं बरं. आपला दसरा ज्या दिवशी, त्याच दिवशी कुल्लूचा सुरू होतो आणि सात दिवस चालतो. तेव्हा खोल्या मिळायची मारामार. हळवं भात कापून टाकतो आणि निघतो. गरवं आपण परत येईपर्यंत उभं राहील.

आता मुख्य गोष्ट. तू लिहितोस, "गरी टाकायला आपल्याला कोण शिकवणार?" बाळ्या, हे आपलं गरवणं नव्हे, ही फ्लाय फिशिंग, म्हणजे खोट्या माशीने मासा धरणं. खडपावरून आपण टाकतो तेव्हा शिसं उडतं आणि तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, त्याच्यामागून ओढला जातो. इथे टोकाची माशी म्हणजे नुसतं पीस आणि दोरा, तिला वजनच नाही. वजन असतं जाड दोरीला, म्हणून दोरीच उडवायची. पावसाने उघडीप दिली आणि सुकती लागली की मी भाट्याच्या पुळणीवर सराव करतो. टोकाला गळ न लावता लाल लोकरीचा तुकडा बांधतो. काठी मागे नेऊन थांबायचं. पाठीमागे दोरी पुरती सरळ झाली की मगच पुढे. घाई केली की चाबकासारखा फटका वाजतो आणि लोकर गायब. हा थांबाच अवघड आहे, हाताला सवय नाही. परवा एक पोरगा विचारतो, "काका, मासे वाळूत शोधताय?" त्याला काय सांगू!

माश्याही घरीच बांधतोय. चौदा नंबरचा गळ चिमट्यात धरायचा, गळाचा उलटा काटा पक्कडने दाबून सपाट करायचा, मग कोंब्याच्या मानेवरचं अरुंद पीस देठाने बांधून गोल गोल गुंडाळायचं. केस चहूबाजूंनी उभे राहिले पाहिजेत, त्यांच्यावर माशी पाण्यावर तरंगते. पीस मानेचंच हवं, अंगावरचं मऊ पडतं, भिजून बुडतं. गटारीला शेजारी जो तांबडा कोंबा कापणार आहेत, त्याच्या मानेची पिसं मी आत्ताच सांगून ठेवलीत. पण सगळा भर तरंगत्या माशीवर नको. ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखाली चालतं. गोटा उलटला की खाली चिकटलेले किडे दिसतात, काही तर वाळूच्या कणांची नळी करून आत बसलेले. त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या जड माश्या, म्हणजे निम्फ, जास्त बांधतो.

मासा प्रवाहाकडे तोंड करून मोठ्या दगडाच्या आडोशाला उभा असतो. म्हणून आपण खालच्या अंगाने वर सरकायचं, आणि सावली पाण्यावर पाडायची नाही. तुझी ती पिवळी टोपी घरी ठेव.

धरलेला मासा सोडायचा की खायचा, यावर आपलं भांडण होणार हे मला ठाऊक आहे. आईने तर सरळ विचारलं, "एवढं लांब जाऊन मासा सोडून येणार? मग गेलात कशाला?" मला विचारशील तर नदीतला सोडावा. हात आधी ओले करायचे, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा पुढे टिकत नाही. खायला हवा तर तिकडे ट्राउटची शेती आहे, विकत घेऊन खा की पोटभर. तसा हा मासा तिथला नव्हेच. काश्मिरात १९०० साली विलायतेहून आलेली अंडी जगली, कुल्लूच्या खोऱ्यात १९०९ साली पैदास सुरू झाली. पण एवढ्या वर्षांत रुळलाय, त्याला पाहुणा तरी किती दिवस म्हणायचं?

गाडीचं असं. गोवा संपर्क क्रांती रत्नागिरीहून थेट चंदीगडला जाते, पण रोज नसते. मी इथे चढतो, तू पनवेलला. चंदीगडहून मनालीच्या बसने औट, तिथून बंजारमार्गे गुशैणी. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बसावं लागेल. तुझ्या रजेची तारीख त्याच्याआधी कळव, "बघतो" असलं उत्तर चालणार नाही. मासेमारीचा परवाना तिकडच्या मत्स्य विभागाकडून घ्यायचा, ते माझ्याकडे लागलं.

काठी नऊ फुटी, पाच नंबरची (म्हणजे पाच नंबरच्या वजनाच्या दोरीची) घे. दुकानदार महागडं रीळ गळ्यात मारेल, घेऊ नकोस. एवढ्या नदीला रीळ म्हणजे दोरी गुंडाळून ठेवायची जागा. पैसे दोरीवर घाल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अण्णा

ता. क. लोकरीचे मोजे दोन जोड आण, आणि पाण्यात न घसरणारे बूट. आपल्या खडपावरच्या चपला तिकडे उपयोगाच्या नाहीत. कोकमं आणि सुकी सुंगटं मी घेतो.