लॅपटॉप स्वस्त घ्या, पण उघडता येईल असा घ्या

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार, साहेब.

मी जतमध्ये एसटी स्टँडजवळ कॉम्प्युटर आणि लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान चालवतो. शिक्षणातलं मला फारसं कळत नाही. पण शिक्षणासाठी वाटलेल्या वस्तू शेवटी कुठल्या टेबलावर येतात, ते मी अठरा वर्षं बघतोय. त्या अनुभवाच्या जोरावर हे पत्र लिहायचं धाडस करतो आहे.

आत्ताही टेबलावर एक लॅपटॉप उघडा पडला आहे. अकरावीतल्या एका मुलीला तो कुठल्याशा योजनेत मिळाला. मिळून वर्ष-सव्वा वर्ष झालं असेल. चार्जिंगची पिन आत ढिली झाली आणि चार्जिंग बंद पडलं. पिन बदलणं तसं अर्ध्या तासाचं काम, पण या मॉडेलमध्ये ती थेट मदरबोर्डवर आहे आणि सुटी कुठेच मिळत नाही. रॅम बोर्डलाच डाग देऊन बसवलेली, स्टोरेज ईएमएमसीचं, म्हणजे साठवणीची चिप, तीही बोर्डवरच. बॅटरी गोंदाने चिकटवलेली. म्हणजे यातलं काहीही बिघडलं तरी उपाय एकच, बोर्ड बदला. बोर्डाची किंमत ऐकून मुलीचे वडील म्हणाले, "फुकटात आलेल्या वस्तूला एवढं घालायचं म्हणजे...?" वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. दरवर्षी ते ऊसतोडीला जातात. एवढे पैसे आणायचे कुठून, हे मलाही विचारवलं नाही.

साहेब, स्वस्त लॅपटॉपचं स्वप्न जुनं आहे आणि त्यात आपल्या राज्याचाही वाटा आहे. 2005 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस निग्रोपाँटी यांनी दावोसला जाहीर केलं की गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप काढतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिसच्या जागतिक परिषदेत नमुना दाखवला. वीज नसली तरी चालावा म्हणून त्याला हाताने फिरवायचा दांडा होता, आणि तो दांडा संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या हातात निघून आला. पुढे दांडा गेला आणि शंभर डॉलरही गेले. 2007 साली तो लॅपटॉप कारखान्यातून बाहेर पडला तेव्हा किंमत 188 डॉलरच्या आसपास होती.

आपल्या केंद्र सरकारने 2006 मध्येच त्याला नकार दिला होता. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज जास्त तातडीची आहे, असं तेव्हाच्या शिक्षण सचिवांचं मत होतं. मत चुकीचं नव्हतं. तरीही 2007 मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट गावी, एका एकशिक्षकी शाळेत, निग्रोपाँटींचे ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. पहिली ते चौथी एका खोलीत, शिकवायला एकच गुरुजी, आणि पोरांच्या मांडीवर ती यंत्रं. भारतातला तो पहिला प्रयोग.

मला त्या यंत्राचं कौतुक मात्र वेगळ्याच कारणासाठी आहे. त्याला पंखा नव्हता, फिरणारी हार्ड डिस्क नव्हती. आमच्या जतच्या फुफाट्यात लॅपटॉपचे पंखे कसे भरतात ते मी रोज ब्रशने झाडतो, म्हणून त्याचं मोल मला कळतं. स्क्रीन भर उन्हातही वाचता येत होती. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे त्याच्या उचलायच्या मुठीत जादा स्क्रू ठेवलेले होते. बनवणाऱ्याने आधीच धरून चाललं होतं की हे पडणार, कोणीतरी उघडणार आणि उघडताना स्क्रू हरवणार. इतक्या वर्षांत हजारो लॅपटॉप उघडले, पण माझा विचार करून ठेवलेला स्क्रू मला एकातही सापडला नाही. दोष त्यातही होते. रबरी कीबोर्ड पोरांच्या नखांनी फाटायचा आणि यंत्र मंद होतं. पण मुठीतले ते स्क्रू मी विसरू शकत नाही.

आपण काय केलं? शंभर डॉलर महाग म्हणून आपण दहा डॉलरच्या मागे लागलो. 3 फेब्रुवारी 2009 ला तिरुपतीत मोठा समारंभ झाला. देशभर बातमी होती की पाचशे रुपयांचा लॅपटॉप येतोय. पडदा उघडला तर तो लॅपटॉप नव्हताच, माहिती साठवून संगणकाला जोडायचं एक साधन निघालं. पुढे 5 ऑक्टोबर 2011 ला 'आकाश' टॅबलेट आला. सरकारला तो 2,276 रुपयांना पडला. 366 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, दाबल्याशिवाय न कळणारी स्क्रीन आणि दुपारपर्यंतही न टिकणारी बॅटरी. पण मला सगळ्यात बोलका वाटतो तो चाचण्यांवरचा वाद. यंत्र उंचावरून पडलं तर, पावसात भिजलं तर, अशा कडक कसोट्या लावल्या गेल्या. टॅबलेट बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं होतं की या अटी आधी ठरलेल्याच नव्हत्या. कोण बरोबर आणि कोण चूक ते जाऊ द्या. मूल लॅपटॉप पाडणार की नाही, हा वाद ऑर्डर दिल्यानंतर व्हायची गोष्ट आहे का? तो टेंडरच्या पहिल्या पानावरच मिटायला हवा होता.

माझं सगळं म्हणणं टेंडरपाशी येऊन थांबतं, साहेब. आपल्याकडे एल-वन म्हणजे ज्याची किंमत सर्वांत कमी तो. पण किंमत कुठल्या दिवसाची? बिल फाडलं त्या दिवसाची. माझ्या दुकानातला हिशेब सांगतो. पंधरा हजारांचा, काहीच न उघडणारा लॅपटॉप दोन वर्षांत मेला तर तो वर्षाला साडेसात हजारांना पडला. वीस हजारांचा, उघडता येणारा घेतला, मधे एकदा बॅटरी आणि एकदा बिजागरी मिळून तीन हजार घातले आणि तो सहा वर्षं चालला, तर वर्षाला चार हजारांच्या आत. आमच्यासारखे दुकानदार हे पाटीवर खडूने मांडतात, मग मंत्रालयात हे गणित अवघड का जावं?

जगानेही दोन्ही रस्ते चालून पाहिले आहेत. पेरू देशाने त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपपैकी आठ लाखांहून जास्त घेतले, कुणीही घेतले नाहीत इतके. 2012 साली 319 ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात गणित आणि भाषेच्या गुणांत काही फरक दिसला नाही. त्या शाळांत इंटरनेट जवळपास नव्हतंच आणि शिक्षकांनी यंत्राचं नेमकं काय करायचं तेही धड ठरलेलं नव्हतं. उरुग्वेने 2009 पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला. हा देश लहान आहे, लोकसंख्या आपल्या सोलापूर जिल्ह्याहून कमी. यंत्रं तिथेही बंद पडली, आणि गरिबांच्या वस्तीत जास्त पडली. तेव्हा त्यांनी दुरुस्तीची गाडीच शाळेच्या दारात नेली. उरुग्वेची ती योजना अजून चालू आहे.

एवढं लांब जायचंही कारण नाही. केरळने हायटेक शाळा योजनेत साठ हजारांच्या आसपास लॅपटॉप घेतले ते पाच वर्षांच्या वॉरंटीवर. तक्रारीसाठी कॉल सेंटर ठेवलं आणि दुरुस्तीला उशीर झाला तर पुरवठादाराला दंड लावला. यंत्रांवर मोफत, मुक्त सॉफ्टवेअर घातलं. 2018 पासून 'लिटल काइट्स' नावाचे मुलांचे गट तयार केले आणि शाळेतल्या यंत्रांकडे तीच मुलं लक्ष देतात. आमच्याकडे मूल लॅपटॉपला हात लावायला गेलं की पहिला शब्द ऐकू येतो, "ए, ठेव तो खाली!"

यात मुख्याध्यापकांचा दोष नाही. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत कपाटातले लॅपटॉप बघायला गेलो होतो. आठ नग, बॉक्ससकट नवेकोरे, आणि बॅटऱ्या पडून पडून फुगलेल्या. सर म्हणाले, "डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंच्या रजिस्टरात, नोंद आहे हो. एखादा फुटला तर वसुली माझ्या पगारातून. त्यापेक्षा कुलूप बरं." साहेब, डेडस्टॉक रजिस्टरची ही भीती आपल्या कुठल्याही टेंडरहून मोठी आहे. लॅपटॉप टेबलखुर्चीच्या रजिस्टरात चढला, तिथेच तो मेला. मुलांच्या वापरात फुटलेल्या यंत्राची वसुली शिक्षकाकडून होणार नाही, असा एका ओळीचा शासन निर्णय काढा. त्याला एक रुपयाही लागत नाही.

दुसरी मागणी टेंडरची. बॅटरी स्क्रूवर निघावी, चिकटवलेली नसावी. रॅम आणि स्टोरेज बदलता यावं. चार्जिंगची पिन वेगळ्या छोट्या बोर्डावर असावी, किंवा साधी टाइप-सी असावी, म्हणजे घरातल्या मोबाइलच्या वायरीचा तरी उपयोग होईल. सुटे भाग निदान सहा वर्षं मिळतील, हे पुरवठादाराने लिहून द्यावं, आणि त्यांचे दरही टेंडरमध्येच बंद करावेत. त्या वेळी नाही केले तर पुढे बॅटरी सोन्याच्या भावाने येते. उघडायचं कसं याची पुस्तिका मराठीत द्यावी. केंद्राने 'राइट टु रिपेअर'वर, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कावर, 2022 मध्ये समिती नेमली, पोर्टलही काढलं. ते चांगलंच आहे. पण सगळ्यात मोठा गिऱ्हाईक सरकार स्वतः आहे, आणि गिऱ्हाइकाने अट घातली की कंपन्या कायद्याची वाट बघत नाहीत.

दुरुस्तीचं काम तालुक्यालाच द्या. हो, यात माझा स्वार्थ आहे, लपवत नाही. पण जतचा लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला म्हणून सांगली-पुण्याला जातो आणि दोन महिन्यांनी परत येतो, तोवर मुलीचं सहामाही उरकलेलं असतं. आयटीआयच्या पोरांना हाताशी धरा. आमच्याकडे दोन पोरं शिकायला येतात, महिन्याभरात बिजागरी बसवायला लागतात.

आणखी एक. कीबोर्डावर देवनागरी अक्षरं छापून घ्या. इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरलेली बटणांची मांडणी, तिचा मराठी कीबोर्ड विंडोजमध्येही आहे आणि फुकट मिळणाऱ्या लिनक्समध्येही आहे, पण बटणांवर इंग्रजीच. मग मूल मराठी लिहितं तेही इंग्रजी अक्षरांत. आमच्या पूर्व भागात कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळा आहेत, त्यांना कन्नड अक्षरं लागतील. सुरुवातीला स्टिकर दिले तरी चालेल.

नवं घ्यायच्या आधी जुनंही बघा. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ला कंपनीचा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे अपडेट बंद झाले. विंडोज 11 न चालणारे पण ठणठणीत लॅपटॉप सरकारी कार्यालयांतून निर्लेखित होऊन भंगारात जातील. एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकून आणि लिनक्स चढवून ते पाच-सहा वर्षं सहज चालतात, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये आणि व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन. सगळ्यांना नेट मिळेल तेव्हा मिळेल.

आणि एक आपल्या खात्याबाहेरचं, पण बोललं पाहिजे. 22 सप्टेंबर 2025 पासून वही, पेन्सिल, खोडरबर यांवरचा जीएसटी शून्य झाला. लॅपटॉपवर 18 टक्के, त्याच्या बॅटरीवर 18 टक्के, माझ्या मजुरीवरही, बिल केलं तर, 18 टक्के. जीएसटी परिषदेत आपल्या राज्याचे मंत्री बसतात. शाळेच्या लॅपटॉपची दुरुस्ती खोडरबराच्या रांगेत बसते का, एवढं त्यांना विचारून बघा.

जिल्हा नियोजनच्या बैठकीसाठी कधी सांगलीला आलात तर पुढे जतलाही या. आठ फुगलेल्या बॅटऱ्या मी फेकलेल्या नाहीत, वाळूच्या डब्यात ठेवल्या आहेत. दाखवीन.

कळावे,
आपला,
एक दुरुस्तीवाला, जत, जि. सांगली

ता. क. पत्र लिहीत असतानाच ती मुलगी येऊन गेली. सोमवारी ये म्हणालो. पुण्याच्या एका ओळखीच्या भंगारवाल्याकडे त्याच मॉडेलचा, स्क्रीन फुटलेला एक आहे म्हणे. त्याचा बोर्ड निघाला तर बरं. स्क्रू मात्र तीन कमी पडतायत.