जुन्या घराच्या सौद्यातला एजंट कोणाच्या वहीत आहे?

मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

घर घ्यायचं तर एजंट महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेला आहे का ते बघा, असा सल्ला सरकार देतं. सल्ला बरोबर आहे, फक्त सोलापुरात तो अर्ध्या वाटेवरच थांबतो. 2016 च्या रेरा कायद्यातलं कलम 9 एजंटला नोंदणी सक्तीची करतं, पण ती नोंदणीकृत प्रकल्पातल्या विक्रीपुरती. जुना फ्लॅट, रो-हाऊस किंवा पेठेतलं घर दाखवणाऱ्याला ती लागत नाही. शिवाय जागा 500 चौरस मीटरपर्यंत असेल किंवा घरं आठपर्यंत असतील, तर प्रकल्पच नोंदणीतून सुटतो. आठ रो-हाऊसची रांग बांधली की झालं.

इथला मध्यमवर्गीय माणूस बहुधा असलीच घरं बघत फिरतो. जुळे सोलापूर, होटगी रोड, शेळगी, बाळे इथे फिरताना त्याच्यासोबत असतो मोटारसायकलवरचा एजंट. आज मोबाइल कव्हर विकणारा उद्या एजंट होऊ शकतो. नव्या प्रकल्पांच्या एजंटांना मात्र महारेराने 2023 च्या आदेशाने प्रशिक्षण आणि परीक्षा लावली आहे.

अशा बाजारात चांगला एजंट कसा ओळखायचा? तो घर दाखवण्याआधी कागद दाखवतो: मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, शेवटच्या खरेदीखताची सूची क्रमांक 2, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र. 'पेपर क्लिअर आहेत, टोकन टाका' म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार करावा. नव्या प्रकल्पाच्या एजंटकडून 'ए'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक घ्यावा आणि महारेराच्या संकेतस्थळावर मुदत तपासावी. नोंदणी पाच वर्षांची असते.

सगळ्यात जास्त घोळ इसारात होतो. पैसे एजंटच्या हातात जातात, पावती त्याच्या नावाची असते, आणि सौदा फिसकटला की मालक म्हणतो, मला दमडी मिळाली नाही. इसार मालकाच्या खात्यात चेकनेच जावा. मालकी हक्कात दोष निघाला तर तो अमुक दिवसांत परत मिळेल, हे पावतीवर लिहिलेलं असावं. दुसरी खोड 'नेट'ची. मालक अमुक रक्कम नेट हवी म्हणतो, एजंट वर हवं ते लावतो, फरक खिशात घालतो आणि वर दोन्हीकडून दलाली घेतो. म्हणून मालकाची समोरासमोर भेट झाल्याशिवाय भाव ठरवू नये. दलाली किती, कोण देणार, हे आधी लिहून घ्यावं आणि ती खरेदीखत नोंदल्यावरच द्यावी.

कुलमुखत्यारपत्रावर सौदा असेल तर मूळ मालक हयात आहे का, हे आधी पाहावं. मालक वारला की साधं कुलमुखत्यारपत्र संपतं. साखर पेठ, शुक्रवार पेठेतल्या वडिलोपार्जित घरांत बहिणींच्या सह्या राहून जातात. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हे एजंटला ठाऊक नसतं, किंवा असूनही तो गप्प बसतो.

महापालिकेच्या 1992 च्या हद्दवाढीत आलेल्या भागांत गुंठेवारीचा, म्हणजे विनापरवाना गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या जमिनींचा, वेगळाच ताप. एका गुंठ्यात 1089 चौरस फूट, पण बाँडवरच्या नोटरीने त्यातल्या एका फुटाचीही मालकी मिळत नाही. नोंदणीकृत खरेदीखत लागतंच. 'गुंठेवारी (म्हणजे ती नियमित) होतेय' आणि 'झालीय' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. 2001 च्या गुंठेवारी कायद्यात 2021 ला दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं नियमित करून घेता आली, तरी हातात नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हवं. (पाणी किती दिवसांआड येतं, हे मात्र एजंटला न विचारता शेजारणीला विचारावं.)

क्षेत्रफळाचं थोडक्यात: एजंट जिना-भिंती धरून फुगवलेलं 'सेलेबल' चौरस फुटांत सांगतो, दस्तात चौरस मीटर असतात. ते 10.764 ने गुणून चौरस फूट काढावेत आणि टेप लावून कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, मोजावं.

हे सगळं खरेदीदाराने शिकून घेतलं, तरी फसवणाऱ्याचा पत्ता कुठेच राहत नाही, कारण दस्तावर एजंटचं नावच नसतं. नोंदणी व मुद्रांक विभाग महसूल खात्याकडे आहे, हे आम्ही जाणतो. तरी आपण त्या खात्याशी बोलून एवढं करून घ्यावं: पुनर्विक्रीच्या प्रत्येक दस्तात एजंटचं नाव, ओळख क्रमांक आणि दोन्ही बाजूंनी घेतलेली दलाली यांचा रकाना असावा. एजंट नसेल तर तसं लिहावं. सोबत पुनर्विक्री करणाऱ्या एजंटांसाठी जिल्हानिहाय नोंदवही हवी, आणि तक्रारीसाठी पुण्या-मुंबईचा फेरा नको. पेठांत तेलुगू आणि कन्नड बोलणारेही घरं घेतात, तेव्हा याबाबतचा सूचनाफलक त्यांनाही वाचता यावा.

रकाना भरताना एजंट अडखळला, तर तो दुय्यम निबंधकांच्या टेबलावरच अडखळेल, इसार बुडाल्यावर नाही.

आपले,
सोलापुरात घरखरेदीचे कागद तपासणारे काही जण