तळ्यावरच्या काकांना, जरा उशिराच

काका नमस्कार. तुमच्याकडे साधा फोन आहे म्हणून हे नातीकडून वाचून घ्या, ती हसली तर हसू द्या.

मी तोच, नागपुरातल्या तेलंगखेडीच्या फिशरी कॉलेजचा बीएफएससीवाला, म्हणजे मासेपालनाची डिग्री करणारा पोट्टा, मागच्या पावसाळ्यात बाटल्या घेऊन काटोल रोडकडच्या तुमच्या तळ्यावर यायचो आणि तुम्ही विचारायचे, दारू टेस्ट करून राहिला का बे.

प्रोजेक्ट होता पाण्यातल्या ऑक्सिजनचा. मी आपला आरामात तर्रीपोहे हाणून अकराला पोचायचो, रीडिंग यायचं लिटरला 8 मिलिग्रॅम, म्हटलं तळं एकदम ठणठणीत, लिहून टाकू रिपोर्ट. तुम्ही जाळं शिवता शिवता एवढंच म्हणाले, "उन्हाचा येऊन काय पाहतं, पहाटे येनं, तीन दिवसापासून आभाळ आहे."

पाचला आलो तर रोहू, कटला सगळे काठाशी, तोंडं वर, पाण्यावर नुसता चपचप आवाज. विंकलरच्या, म्हणजे ऑक्सिजन मोजायच्या बाटलीत केमिकल टाकलं की ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, त्या दिवशी जवळपास पांढराच बसला, हातच थरथरला माझा. टायट्रेशन केलं, म्हणजे थेंब थेंब टाकून मोजलं, तर 2 मिलिग्रॅमच्याही खाली. हिरवं शेवाळ दिवसा ऑक्सिजन बनवते अन् रात्री स्वतःच ओढते, त्यात आभाळ असलं की दिवसाची कमाईच कमी, हे परीक्षेत लिहून मार्क घेतले होते मी! तुम्ही मात्र तोवर डिझेल पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात पाडायला लागले होते, मला पाइप धरायला लावला, आणि शेणखत कुजतानाही ऑक्सिजन खाते म्हणून ते टाकायचं बंद केलं ते वेगळंच.

आणि ती मरळ मासळी. खाली लाल पिल्लांचा घोळका दिसला तर तुम्ही माझा हात धरून थांबवलं, मायबाप राखण करून राहिले, आता जाळं नाही टाकायचं. मरळीला बाजारात केवढा भाव आहे ते मला माहीत आहे काका, म्हणून जास्त लक्षात राहिलं. मत्स्य व्यवस्थापनाच्या पेपरात मी तेच उदाहरण लिहिलं, तुमचं नाव मात्र लिहिलं नाही, तिथे चुकलंच.

प्रोजेक्ट पास झाला, थँक्यू. रविवारी येतो, पहाटेच. तुमचा टॉर्च माझ्याकडेच राहिला आहे, सेल नवीन टाकलेत.